भगवा झेंडा काळा का दिसतो? कृष्णधवल चित्रातील छायाप्रकाश आणि आपली जबाबदारी

१/
जुन्या छायाचित्रांतील भगवा झेंडा पुष्कळदा काळा दिसतो. कपाळावरचे कुंकू काळे दिसते. निळे पागोटे जवळजवळ पांढरे होते आणि ढगांनी सजलेल्या आकाशाच्या जागी कोरा कागद उरतो. याचे कारण साधे आहे: त्या काळच्या काचेला लाल रंग दिसतच नव्हता.

आजचा थ्रेड कृष्णधवल छायाचित्रातील ठळकपणाविषयी, म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘कॉन्ट्रास्ट’ म्हणतो त्याविषयी आहे. तो कसा निर्माण होतो, कोल्हापुरात तो कोणी घडवला आणि आज आपण तो बोटाच्या एका फटकाऱ्याने वाढवतो तेव्हा पुराव्याचे काय होते, हे क्रमाने पाहू. थ्रेड मोठा आहे; सवडीने वाचावा.

२/
आधी माझे मत मांडतो, म्हणजे पुढचे सारे त्या कसोटीवर तपासता येईल.

जुन्या छायाचित्रातील काळे-पांढरे हे त्या चित्राचे अलंकार नाहीत; तो मजकूर आहे. मोडी कागदावरची शाई फिकट झाली म्हणून आपण तिच्यावर नव्या पेनाने गिरवत नाही. मग शंभर वर्षांपूर्वीच्या छायाचित्रावर कॉन्ट्रास्ट आणि शार्पनेस चढवून, ‘दुर्मीळ मूळ छायाचित्र’ अशी ओळ लिहून आपण ते कसे पसरवतो?

३/
सुरुवात व्याख्येपासून. ‘ठळक’ या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो.

पहिली, छायाप्रकाशातील अंतर: सर्वांत काळा भाग आणि सर्वांत पांढरा भाग यांच्यामधली दरी, आणि त्या दरीत करड्या रंगाच्या किती पायऱ्या उरल्या आहेत ते.

दुसरी, रेखीवपणा: एक पृष्ठभाग संपून दुसरा सुरू होतो ती कड किती स्वच्छ आहे ते.

अंतर वाढवले की कड अधिक स्वच्छ झाल्याचा भास होतो. मात्र तो भासच असतो. भिंगाने जे टिपले नाही ते कॉन्ट्रास्ट वाढवल्याने उगवत नाही.

४/
आता काचेकडे वळू. एकोणिसाव्या शतकातील कलोडियनच्या ओल्या काचा आणि त्यानंतरच्या जिलेटिनच्या साध्या कोरड्या काचा निळा, जांभळा आणि त्यापलीकडचा अतिनील प्रकाश तेवढा टिपत. हिरवा, पिवळा, लाल यांचा त्यांच्यावर जवळजवळ परिणामच होत नसे.

१८७३ साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ हेर्मान फोगेल यांनी शोधले की विशिष्ट रंगद्रव्य मिसळले तर काच हिरव्या रंगालाही प्रतिसाद देते. त्यातून ‘ऑर्थोक्रोमॅटिक’ काचा आणि फिल्म आल्या. त्या हिरवा-पिवळा पाहू लागल्या. तांबड्या रंगाबाबत मात्र आंधळ्याच राहिल्या. म्हणूनच त्या तांबड्या दिव्याच्या उजेडात निर्धास्तपणे धुता येत.

५/
सगळे रंग पाहणारी ती ‘पॅनक्रोमॅटिक’. अशा काचा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात इंग्लंडमध्ये विकल्या जाऊ लागल्या. चित्रपटासाठी कोडॅकची पॅनक्रोमॅटिक फिल्म १९२० च्या दशकात नियमितपणे मिळू लागली आणि त्या दशकाच्या अखेरीस तिने ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मची जागा घेतली.

म्हणजे राजर्षी शाहू महाराजांचा संपूर्ण जीवनकाळ, १८७४ ते १९२२, हा प्रामुख्याने तांबड्याला न पाहणाऱ्या काचांचा काळ आहे. कागलच्या घाटगे घराण्यातील यशवंतराव १८८४ साली दत्तक जाऊन कोल्हापूरचे छत्रपती झाले. त्या काळचे दरबार, शिकारी, पैलवान, मिरवणुका यांची छायाचित्रे पाहताना ही गोष्ट पहिल्यांदा ध्यानात घ्यावी लागते.

६/
आमच्या भागातलेच उदाहरण घ्या. कागलजवळच्या पट्टणकोडोलीला विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याची उधळण होते. माणसे, ढोल, छत्र्या, रस्ते, सारे पिवळेधमक होते.

केवळ निळा प्रकाश ओळखणाऱ्या काचेवर हे दृश्य टिपले तर काय होईल? हळद निळा प्रकाश गिळून टाकते. म्हणून हवेतला तो पिवळा ढग चित्रात काळपट धुरासारखा उमटेल, आणि भंडाऱ्याने माखलेले चेहरे काजळी फासल्यासारखे दिसतील. उत्सवाचे चित्र शोकाचे वाटेल. संदर्भ ठाऊक नसलेल्या माणसाने त्यावर कोणती ओळ लिहावी, याची कल्पना आपणच करावी.

७/
हा मुद्दा केवळ कपड्यांच्या रंगापुरता असता, तर मी एवढा थ्रेड लिहिला नसता. खरा प्रश्न माणसांच्या कातडीचा आहे.

गव्हाळ आणि सावळ्या त्वचेवरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशात तांबड्याचा वाटा मोठा असतो. काच तोच वाटा टिपत नसेल, तर माणूस प्रत्यक्षात होता त्याहून पुष्कळ काळा उमटतो. शेजारी पांढरे धोतर किंवा पागोटे असेल, तर ते आणखी झगझगीत दिसते आणि चेहरा आणखी अंधारात जातो.

८/
१८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिश सरकारने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा आठ खंडांचा छायाचित्रसंग्रह प्रसिद्ध केला. जाती-जमातींची चित्रे आणि त्याखाली त्यांच्या स्वभावाविषयीची बेधडक विधाने, असे त्याचे स्वरूप होते. ती छायाचित्रे कलोडियन काचांच्या युगातली आहेत. आधी पूर्वग्रहाने निवडलेली माणसे आणि त्यावर तांबडे न पाहणारी काच, असे दोन पडदे त्या चेहऱ्यांवर आहेत.

आज तेच चेहरे आपण कॉन्ट्रास्ट वाढवून पुन्हा प्रसृत करतो, तेव्हा तिसरा पडदा आपण घालतो. मग प्रतिसादांत ‘अमुक लोक पूर्वी किती काळे होते’ अशी चर्चा रंगते. रसायनाच्या मर्यादेवरून वंशाचे निष्कर्ष काढले जातात. हे निरुपद्रवी नाही.

९/
आता कोल्हापूरकडे. ही मर्यादा ज्यांनी ओळखली आणि तिलाच सामर्थ्य बनवले, ती माणसे आपल्याच शहरातली होती.

आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री हे चुलतभाऊ. रंगभूमीचे पडदे रंगवण्याच्या कामामुळे ‘पेंटर’ हेच त्यांचे आडनाव झाले. १९१३ साली फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या दोघांना चित्रपटाचा ध्यास लागला. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी दामले यांच्या साहाय्याने कॅमेरा घडवण्याचे काम पुढे नेले.

१०/
कंपनी काढायची तर भांडवल हवे. ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’साठी ते पुरवणाऱ्यांत तानीबाई कागलकर या गायिकेचे नाव अग्रभागी आहे. आमच्या गावाचे नाव आडनावात वागवणाऱ्या एका कलावंत स्त्रीने पडद्यावरच्या छायाप्रकाशावर पैसा लावला!

कागलच्या इतिहासाविषयी बोलताना आपण घाटगे घराणे, गैबी पीर आणि साहित्यिक यांच्यापाशी थांबतो. मराठी चित्रपटाच्या पायाभरणीतील हा हिस्सा मात्र क्वचितच सांगितला जातो. म्हणून येथे मुद्दाम नोंदवतो.

११/
१९२० साली कंपनीचा ‘सैरंध्री’ पुण्यात झळकला. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ ही पदवी दिली, हे बहुतेकांना माहीत असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट कमी सांगितली जाते: सपाट रंगवलेल्या पडद्यांऐवजी बाबूरावांनी लांबी-रुंदी-खोली असलेले नेपथ्य उभारण्यावर भर दिला.

याचा छायाप्रकाशाशी थेट संबंध आहे. रंगवलेल्या पडद्यावर सावलीही रंगवलेलीच असते. दिवा हलला तरी ती हलत नाही. खऱ्या खांबाला खरी सावली पडते. ज्या चित्रकाराने आयुष्यभर कुंचल्याने सावली काढली, त्याने कॅमेऱ्यापुढे मात्र सावली प्रकाशाकडूनच काढून घेतली.

१२/
त्या काळी चित्रीकरण मुख्यतः सूर्यप्रकाशात होई. उघड्या किंवा पातळ कापडाने झाकलेल्या छताखाली नेपथ्य उभे करायचे, ऊन कापडातून गाळून घ्यायचे आणि परावर्तक फळ्यांनी चेहऱ्यावर वळवायचे, ही सर्वत्र रूढ पद्धत होती. तिचा दोष असा की सगळीकडे सारखा उजेड पडतो. सारख्या उजेडात रात्र दाखवता येत नाही.

१९२३ च्या ‘सिंहगड’मध्ये रात्रीच्या प्रसंगांसाठी बाबूरावांनी कृत्रिम प्रकाश वापरला. भारतीय चित्रपटातील असा हा अगदी आरंभीचा वापर मानला जातो. तानाजीची चढाई दिवसाढवळ्या दाखवली असती तर तिची धार उरली नसती. येथे कॉन्ट्रास्ट ही कथेचीच गरज होती.

१३/
मग १९२५ चा ‘सावकारी पाश’. कथा नारायण हरी आपटे यांची; सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून शहराच्या वाटेला लागणारा शेतकरी हा विषय; शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम.

हा मूकपट आज उपलब्ध नाही. पण निर्माते-दिग्दर्शक जे. बी. एच. वाडिया यांनी पुढे त्याची आठवण नोंदवली, तेव्हा त्यांच्या मनात उरले होते ते एक दृश्य: मंद, काळोख्या छायेत टिपलेली उदास झोपडी आणि भुंकणारे कुत्रे.

१४/
येथे क्षणभर थांबू या. चित्रपट नष्ट झाला, तरी पाहणाऱ्याच्या स्मरणात त्यातला अंधार टिकून राहिला.

त्या झोपडीतला काळा रंग कोणीतरी ठरवून ठेवलेला होता. दिवा कोठे ठेवायचा यापेक्षा कोठे ठेवायचा नाही, याचा तो निर्णय होता. कर्जबाजारी घरात उजेड नसतो, हे वाक्य बाबूरावांनी शब्दांवाचून लिहिले. छायाप्रकाशाला मी मजकूर म्हणतो तो या अर्थाने.

१५/
या परंपरेचा पुढचा टप्पा थोडक्यात. कंपनीतून बाहेर पडलेले शांताराम, दामले, फत्तेलाल आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णी यांच्यासह १९२९ साली कोल्हापुरात ‘प्रभात’ स्थापन केली. १९३३ साली प्रभात पुण्याला गेली. १९३४ च्या ‘अमृतमंथन’मध्ये चंद्रमोहन यांनी साकारलेल्या राजगुरूच्या डोळ्याचे ते प्रसिद्ध समीपदृश्य आहे. गडद सावल्या, कडक उजेड आणि जर्मन चित्रपटांची आठवण करून देणारी रचना त्यात स्पष्ट दिसते.

कोल्हापूरच्या पडदे रंगवणाऱ्या कारखान्यापासून या डोळ्यापर्यंतचा प्रवास अवघ्या दोन दशकांचा आहे.

१६/
आता एक तांत्रिक मुद्दा, जो जुनी छायाचित्रे स्कॅन करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावा.

निगेटिव्ह आणि प्रिंट ही जोडी असते. एकोणिसाव्या शतकात छपाईसाठी वापरला जाणारा अल्ब्युमिन कागद (अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला) उन्हात ठेवून छापत. छापताना जो भाग काळा होत जाई, तोच पुढच्या उजेडाला अडवी. त्यामुळे हा कागद फार तीव्र भेदही सौम्य करून घेई. हे जाणून छायाचित्रकार निगेटिव्ह मुद्दाम दाट, अतिशय तीव्र भेदाचे करीत.

१७/
आज तीच काच आपण थेट स्कॅन करून उलटवतो. मध्ये तो सौम्य कागद नसतो. परिणामी चित्र अत्यंत कठोर येते आणि ‘जुने फोटो असेच कडक असायचे’ असा समज दृढ होतो.

याच्या उलटही घडते. अल्ब्युमिन प्रिंट कालांतराने पिवळी पडते आणि तिचे उजळ भाग विरतात. ती पाहून ‘जुने फोटो असेच फिकट असायचे’ असे वाटते.

दोन्ही समज चुकीचे. एकात अर्धी प्रक्रिया गाळली आहे, दुसऱ्यात शंभर-सव्वाशे वर्षांची झीज मिसळली आहे.

१८/
मग अस्सल, ठळक, रेखीव कृष्णधवल चित्र मिळवायचे तरी कसे? हा प्रश्न फिल्म कॅमेऱ्याकडे नव्याने वळलेले अनेक तरुण विचारतात. माझे उत्तर असे: पाच ठिकाणी निर्णय घ्यावे लागतात. प्रकाश, फिल्टर, फिल्म, धुलाई आणि कागद. एकाच ठिकाणी सारा जोर लावला तर चित्र बिघडते.

हे शिकणे इतिहासाच्या विद्यार्थ्याला विशेष उपयोगी आहे. ज्याने स्वतः एक निगेटिव्ह धुतली, तो जुन्या छायाचित्राकडे पुन्हा भाबडेपणाने पाहू शकत नाही.

१९/
प्रकाश. चैत्रातल्या दुपारी कागलच्या गैबी चौकात भेद भरपूर असतो, पण ऊन डोक्यावरून येते. डोळ्यांच्या खाचा काळ्या पडतात आणि नाक चमकते. हा भेद चेहऱ्याविषयी काहीच सांगत नाही. सकाळी किंवा उतरत्या उन्हात प्रकाश बाजूने येतो. तेव्हा दगडी भिंतीचा प्रत्येक टाका उठून दिसतो.

आषाढ-श्रावणात आभाळ भरून येते आणि सारे करडे होते. तेव्हा भेद पुढच्या टप्प्यांवर वाढवावा लागतो. थोडक्यात, आधी समोरच्या दृश्यात भेद किती आहे ते मोजावे. मग आपण किती घालायचा ते ठरवावे.

२०/
फिल्टर. पॅनक्रोमॅटिक फिल्मपुढे पिवळी काच धरली तर आकाश किंचित गडद होते, नारिंगी धरली तर अधिक, आणि लाल धरली तर निळे आकाश काळसर होऊन ढग उसळून येतात. लाल फिल्टर साधारण तीन स्टॉप उजेड खातो, हे विसरू नये. हिरवा ऊसही त्यातून गडद होतो.

आणि भगवा झेंडा? लाल फिल्टरमधून तो जवळजवळ पांढरा दिसतो!

२१/
म्हणजे पाहा: एकच झेंडा, एकच ऊन. जुन्या काचेवर काळा, पॅनक्रोमॅटिक फिल्मवर करडा, लाल फिल्टरमधून पांढरा. यांतला ‘खरा’ कोणता?

कोणताच नाही, किंवा तिन्ही. कृष्णधवल चित्र म्हणजे रंगांचे भाषांतर आहे आणि प्रत्येक भाषांतराला भाषांतरकार असतो. तो कोण, त्याच्याकडे कोणते साधन होते आणि त्याला काय सांगायचे होते, हे प्रश्न विचारल्याशिवाय चित्र पुरावा ठरत नाही.

२२/
फिल्म आणि धुलाई. जुने सूत्र असे: सावल्यांसाठी एक्स्पोजर द्यावे, उजळ भागांसाठी धुलाई ठरवावी. सावलीतला तपशील फिल्मवर उमटलाच नाही, तर डेव्हलपरमध्ये कितीही वेळ ठेवून तो येत नाही. उजळ भाग मात्र धुलाईच्या प्रत्येक मिनिटाला दाट होत जातो. म्हणून धुलाईचा वेळ वाढवला की भेद वाढतो.

४०० वेगाची फिल्म ८०० समजून वापरायची आणि जास्त धुवायची, याला ‘पुश’ करणे म्हणतात. ढगाळ दिवशी ते शोभते. भर उन्हात तेच केले तर सावल्या रिकाम्या आणि पांढरे सदरे चुन्याच्या भिंतीसारखे सपाट होतात.

२३/
डेव्हलपरचे तापमान २० अंश सेल्सिअस गृहीत धरून वेळा दिलेल्या असतात. आपल्याकडे उन्हाळ्यात नळाचे पाणी त्याहून बरेच गरम असते. गरम द्रावणात धुलाई वेगाने होते आणि नकळत भेद भडक होतो. बर्फाच्या पाण्याने भरलेल्या बादलीत बाटली ठेवून तापमान उतरवणे हा साधा उपाय.

रेखीवपणासाठी भिंगाचे छिद्र मध्यम ठेवावे (एफ ८ च्या आसपास), कॅमेरा तिवईवर असावा, आणि तिरका उजेड भिंगावर पडू नये म्हणून पुढे हूड लावावा. १८९१ पासून चालत आलेला रोडिनालसारखा डेव्हलपर खूप पातळ करून, कमी हलवून वापरला तर कडा अधिक रेखीव येतात. मात्र कणही दिसू लागतात.

२४/
कागद. शेवटचा निर्णय डार्करूममध्ये होतो. छपाईचे कागद सौम्य ते कठोर अशा क्रमांकांत मिळत. १९४० च्या सुमारास इल्फर्डने एकाच कागदावर फिल्टर बदलून वेगवेगळा भेद देणारा ‘मल्टिग्रेड’ कागद आणला. ती पद्धत आजही चालते.

अनुभवी हातांचा सल्ला असा की निगेटिव्ह थोडी सौम्यच ठेवावी आणि ठळकपणा कागदावर आणावा. कागद बदलता येतो. जळून गेलेली निगेटिव्ह बदलता येत नाही.

२५/
फिल्मच्या एका रोलचा आणि धुलाईचा खर्च विद्यार्थ्याच्या खिशाला सहज परवडणारा नाही, हे मी जाणतो. त्यासाठी विनाखर्च प्रयोग सांगतो.

मोबाइलवर एखादे रंगीत छायाचित्र घ्या: जत्रेचे, झेंड्याचे, घरातल्या लग्नाचे. संपादनाच्या अॅपमध्ये ते कृष्णधवल करा आणि लाल, नारिंगी, पिवळ्या रंगांची उजळता शून्यावर आणा. कुंकू, झेंडा, हळद सारे काळे होईल. चेहरे अंधारात जातील. तुमच्या आजोबांच्या आजोबांचे छायाचित्र काढणाऱ्या काचेने जग साधारण असे पाहिले होते. ज्यांना जमेल त्यांनी इल्फर्डची ऑर्थो प्लस ही फिल्म वापरून पाहावी. ती आजही तांबडे पाहत नाही.

२६/
आता एक आक्षेप, जो रास्त आहे: ‘जुने छायाचित्रकार तरी कुठे निर्मळ होते? तेही निगेटिव्हवर पेन्सिल चालवत, सुरीने खरवडत, नको ती पार्श्वभूमी तांबड्या रंगाने झाकत. मग आम्ही केले तर काय बिघडले?’

होय, ते सारे करत. तांबडा रंग वापरण्याचे कारणही गमतीचे आहे: छपाईच्या कागदालाही तांबडे दिसत नसल्याने तो लेप काळ्यासारखा उजेड अडवी. पण त्या पेन्सिलीच्या खुणा १९१० च्या असतात. त्या काळी चेहरा कसा असावा, सुरकुत्या किती असाव्यात, संस्थानिक कसा दिसावा, याविषयीच्या कल्पना त्यांत नोंदलेल्या आहेत. ती लबाडीसुद्धा त्या काळाचा दस्तऐवज आहे.

२७/
आपली लबाडी आपल्या काळाची आहे. ती त्यांच्या नावावर खपवता येत नाही.

त्यातही एआय वापरून केलेले ‘सुस्पष्टीकरण’ वेगळ्याच जातीचे आहे. कॉन्ट्रास्ट वाढवताना आपण असलेली माहिती ताणतो, काही पायऱ्या गमावतो. एआय मात्र नसलेली माहिती रचते. पापण्यांचे केस, पागोट्याची वीण, मिशीचा पीळ हे सारे इतर हजारो चेहऱ्यांवरून बांधलेले अंदाज असतात. मग ज्या पूर्वजाला आपण ‘प्रथमच स्पष्ट पाहिले’ म्हणतो, तो पूर्वज कधी अस्तित्वातच नसतो.

२८/
याचा अर्थ जुन्या छायाचित्रांना हातच लावू नये, असे मी म्हणत नाही. संग्रहालयेही जीर्णोद्धार करतात. एखाद्या फलकावरचा मजकूर वाचण्यासाठी कॉन्ट्रास्ट वाढवणे हे संशोधकाचे रोजचे काम आहे. आक्षेप बदलाला नाही, बदल लपवण्याला आहे.

म्हणून इतिहासाची पाने चालवणाऱ्या आणि वाचणाऱ्या मित्रमैत्रिणींना तीन विनंत्या.

२९/
पहिली: बदललेले छायाचित्र टाकाल तर सोबत मूळ स्कॅन द्या आणि काय बदलले ते एका ओळीत लिहा.

दुसरी: कृष्णधवल चित्रावरून कपड्यांचा रंग, त्वचेचा वर्ण किंवा दिवसाची वेळ ठामपणे सांगू नका. त्यासाठी दुसरा पुरावा शोधा: पत्र, हिशेबवही, जपून ठेवलेले वस्त्र, रंगचित्र.

तिसरी: घरात जुन्या काचा किंवा निगेटिव्ह असतील तर प्रिंट आहे म्हणून त्या टाकू नका. चित्रात उरलेली सावली बहुधा निगेटिव्हमध्येच असते. आणि नायट्रेटची जुनी चित्रपट-फिल्म कोठे आढळली तर ती घरात न ठेवता जाणकारांच्या स्वाधीन करा. ती सहज पेट घेते. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये लागलेल्या आगीत आपण प्रभातच्या काळातला केवढा ठेवा गमावला, हे विसरता येत नाही.

३०/
बाबूराव पेंटर १९५४ साली निवर्तले. त्यांच्या मूकपटांपैकी बहुतेक सारे आज नाहीत. जे उरले ते काही तुकडे, काही स्थिरचित्रे, काही आठवणी. इतक्या थोड्या शिलकीवर ज्या इतिहासाला उभे राहायचे आहे, त्यातली एकेक करडी पायरी मोलाची आहे. ती आपल्या हातून, केवळ चार जास्त पसंत्यांसाठी, पुसली जाऊ नये.

तानीबाई कागलकर आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी यांच्याविषयी कोणाच्या घरी कागदपत्र, जाहिरात, तिकीट किंवा छायाचित्र असेल तर अवश्य कळवावे. छायाचित्र पाठवताना मात्र आहे तसे पाठवावे, डागांसकट.

थ्रेड समाप्त.